हिरव्या पाण्याचा हिशेब

मैत्रिणींनो, अंगणातला हौद आठ दिवस घासला नाही तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. कडेला हात लावला की बुळबुळ, तळाशी हिरवी साय. मग आपण पदर खोचून नारळाची शेंडी घेऊन बसतो, खसाखसा घासतो आणि तासाभरात विषय संपतो. पण हाच हौद तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असेल, त्यात पाचशे मासे फिरत असतील, तर? तिथं शेंडी चालत नाही आणि घाईही चालत नाही.

हे आठवायला कारण झालं कळंबकडच्या एका भगिनीचं पत्र. त्यांच्या बचत गटानं एका शेततळ्यात मासे सोडलेत. त्या लिहितात, ‘पाणी रंगाच्या डब्यासारखं हिरवं झालंय. दुकानदार म्हणतो मोरचूद टाका, दोन दिवसांत पाणी आरशासारखं होईल. टाकू का?’

बाई, थांबा. उत्तर देण्याआधी मला माझी एक चूक सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय सल्ला द्यायचा मला अधिकार नाही.

आमचा हा भाग पाण्यासाठी तरसलेला. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तुम्हाला आठवत असेल. त्याच साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही सरकारी योजना सुरू झाली आणि शिवारात जागोजागी काळ्या प्लॅस्टिकची तळी दिसू लागली. माझ्या धाकट्या नणंदेचं सासर तेरपासून जवळच. त्यांच्याही रानात असं एक तळं झालं. पाणी बागेसाठी, पण नुसतं पाणी बघत बसण्यापेक्षा त्यात मासे सोडू, असं नणंदेच्या मनानं घेतलं. कटला, रोहू आणि मृगळ यांची पाचशे बोटुकली सोडली. लेकीला नर्सिंगला घालायचं होतं, तिची फी या तळ्यातून निघणार होती.

गेल्या वर्षी एप्रिलात, गोरोबाकाकांच्या यात्रेच्या आधीच्या आठवड्यात ती घरी आली. ‘‘वहिनी, पाणी लई हिरवं झालंय बघा. दुकानात इचारलं तर लाख लिटरला दोनशे ग्रॅम मोरचूद टाका म्हणाला. किती टाकू, तेवढं हिशेब करून द्या.’’

मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत जाते. गणिताच्या बाई रजेवर असल्या की घनफळसुद्धा मीच शिकवते. मला हिशेबाची काय भीती! तळ्याच्या कागदावर २१ लाख ९६ हजार लिटर असा आकडा होता. दोनशेनं गुणलं नि चार किलो चारशे ग्रॅम लिहून दिलं. चहा प्यायली, चिठ्ठी कमरेला खोचली, गेली.

तो आकडा काठोकाठ भरलेल्या तळ्याचा होता. एप्रिलात तळ्यात पाणी होतं दीड मीटर. तुम्ही म्हणाल, मग निम्मं. निम्मंही नाही! शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात. वर तीस मीटर असलेली बाजू तळाशी चोवीस मीटरच भरते. दीड मीटर पाणी म्हणजे जेमतेम पावणेदहा लाख लिटर. म्हणजे दुकानदाराचं माप खरं धरलं तरी औषध दोन किलोसुद्धा लागत नव्हतं. मी दुपटीहून जास्त लिहून दिलं होतं.

शुक्रवारी दुपारी मोरचूद टाकलं. शनिवारी पाणी करडं दिसायला लागलं, सगळे खूष. रविवारी पहाटे पाच वाजता फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते, कडेकडेला येत होते. इंजिन लावावं तर शेतीची लाइट त्या आठवड्यात दिवसाची, नऊशिवाय येणार नाही. बादल्यांनी पाणी उपसून वरून ओतत राहिलो. पण बादल्यांनी कुठं तळं जगतं? उन्हं वर यायच्या आत साडेतीनशेच्या वर मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. नणंद काही बोलली नाही. तिनं टोपलीत मासे मोजून भरले आणि बांधाच्या पलीकडे खड्डा घेऊन पुरले. माझ्या सासूबाई माळकरी. मासे पाळण्याचाच त्यांना राग. पण त्या दिवशी त्यांनीही फक्त ‘‘मुक्या जिवाचे हाल झाले गं’’ एवढंच म्हटलं. मला वाटलं, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर मी विचारत, वाचत, शिकत गेले. मोरचूद जास्त पडलं, ती एक चूक. दुसरी त्याहून मोठी. माप बरोबर असतं तरी सगळं शेवाळ एकदम मारणं हेच मुळात चुकीचं होतं. का ते नीट समजून घेऊ.

शेवाळ शत्रू नव्हे

पाण्याचा फिका हिरवा रंग म्हणजे डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ. ते माशाचं अन्न आहे. शिवाय दिवसा उन्हात ते पाण्यात प्राणवायू सोडतं, त्यावर मासे जगतात. पण रात्री ऊन नसतं. तेव्हा तेच शेवाळ माशांसारखाच प्राणवायू घेतं. म्हणून पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. शेवाळ बेताचं असलं तर रात्र निभावते. बेसुमार झालं तर पहाटे मासे वर येतात. त्यात उन्हाळा. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम मावतो, तिथं तीस अंशाला साडेसात. आणि ढगाळ दिवस आला की दिवसाची कमाईही बुडते. जूनमधले पहिले ढगाळ दिवस म्हणूनच जपायचे.

आता सगळं शेवाळ एकदम मेलं तर काय होईल? एक म्हणजे प्राणवायू तयार करणारं कोणी उरलं नाही. दुसरं, मेलेलं शेवाळ कुजतं आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं. आमच्या तळ्यात रविवारी पहाटे हेच झालं.

शेवाळ येतं कुठून?

आपल्या हातातून! पिकाला जे लागतं तेच शेवाळाला लागतं, नत्र आणि स्फुरद. आपण माशांना पेंड-कोंडा घालतो, त्यातलं साधारण पाव ते एक तृतीयांश माशाच्या अंगी लागतं. बाकी विष्ठेतून आणि न खाल्लेल्या खाद्यातून पाण्यातच राहतं. मातीच्या तळ्यात गाळ थोडंफार स्फुरद धरून ठेवतो. प्लॅस्टिकच्या तळ्यात ती सोय नाही. वर कोणीतरी सांगतं, शेणकाला टाका, मासे वाढतात. सुरुवातीला, पाणी नितळ असताना, थोडा काला ठीक. पाणी हिरवं झाल्यावर काला टाकणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधाखालचा जाळ वाढवणं. उन्हाळ्यात पाणी आटतं, खत मात्र तेवढंच राहतं, म्हणजे आमटी आटून खारट व्हावी तसं.

ताटली-दोरीची परीक्षा

आमच्या तेरचे संत गोरोबाकाका कुंभार. संतमंडळींमध्ये पक्कं कोण नि कच्चं कोण, हे त्यांनी थापटण्यानं पाहिलं, अशी कथा सांगतात. तळ्यालाही असंच थापटून पाहावं लागतं. त्याला खर्च काही नाही.

जुन्या डब्याचं झाकण घ्या, पांढरा रंग द्या, मधोमध भोक पाडून दोरी ओवा आणि खाली एखादा दगड बांधा. दोरीला एक गाठ वितीवर, दुसरी हातावर. वीत म्हणजे साधारण बावीस सेंटिमीटर, हात म्हणजे पंचेचाळीस. सकाळी दहा-अकराला ऊन असताना झाकण पाण्यात सोडा आणि ते कुठं दिसेनासं होतं ते बघा.

वीत आणि हात यांच्या मध्ये दिसेनासं झालं तर पाणी उत्तम. काही करू नका. हातापलीकडेही दिसत राहिलं तर पाणी फार नितळ, माशांना वरचं खाद्य लागेल. विती-आतच दिसेनासं झालं तर धोका. त्याच दिवसापासून खाद्य बंद. एक लक्षात ठेवा, पावसाचं गढूळ पाणी आलं असेल तर ही परीक्षा फसते. रंग हिरवा असेल तरच ती धरायची.

माझ्या नणंदेनं आता एक शाळेची वही केली आहे. तारीख, ताटली किती खाली गेली, खाद्य किती, पहाटे मासे वर आले का. चारच रकाने.

मग करायचं काय?

पहिलं, खाद्य. पाणी विती-आत गेलं की तीन-चार दिवस खाद्य पूर्ण बंद. मासे उपाशी मरत नाहीत, पाण्यातलं शेवाळच खातात. एरवी खाद्य पाण्यात उधळू नका. जुनी परात दोरीनं बांधून हातभर पाण्यात सोडा, खाद्य त्यात ठेवा. दोन तासांनी वर ओढून बघा. उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी. ढगाळ दिवशी खाद्य नाही.

दुसरं, बाहेरचं खत. गोठ्याचं पाणी, रानातलं खताचं वाहतं पाणी तळ्यात येऊ देऊ नका.

तिसरं, पाण्याची अदलाबदल. तळ्याच्या तळाकडचं पाणी बागेला द्या. पिकाला ते खतासारखं लागू पडतं. विहिरीत असेल तर ताजं पाणी वर घाला, उंचावरून, धारेनं. पाणी महाग आहे हे मला ठाऊक आहे, म्हणूनच म्हणते, बागेला द्यायचंच आहे ते तळ्यातून द्या आणि विहिरीचं तळ्यात घ्या.

चौथं, हातानं काढणं. धाग्यासारखं, केसांच्या गुंत्यासारखं शेवाळ असेल तर त्याला दुसरा उपाय नाही. दोन काठांवर दोघी उभ्या राहून जुनी नायलॉनची साडी किंवा मच्छरदाणी ओढायची. वारा ज्या बाजूला वाहतो त्या कोपऱ्यात साय गोळा होते, ती तिथूनच काढायची. काढलेलं शेवाळ काठावर टाकू नका, पावसानं परत आत जाईल. कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. लोखंडी दाताळं वापरलंत तर प्लॅस्टिक फाटेल आणि शेवाळासोबत पाणीही जाईल!

पाचवं, मासेच. पुढच्या हंगामात चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प थोडे सोडा, तो पाणी गाळून बारीक शेवाळ खातो. गवत्या म्हणजे ग्रास कार्प हा पाणवनस्पती नि थोडं धाग्याचं शेवाळ खातो. पण खाद्याचा हात सैल राहिला तर हे दोघंही पुरे पडत नाहीत.

आणि पहाटे मासे वर आलेच तर? पंपानं तळ्यातलंच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. पंपाचा फुटबॉल तळाला टेकू देऊ नका. तळाच्या पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी. आपल्या भागात शेतीची लाइट कोणत्या आठवड्यात दिवसाची, कोणत्या आठवड्यात रात्रीची, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दिवसाच्या आठवड्यात कोणाचं डिझेल इंजिन मिळेल ते आधीच बोलून ठेवा. आम्ही ते केलं नव्हतं.

हे मात्र करू नका

चुना. शेजारीपाजारी हमखास सांगतात. हिरव्या पाण्याचा सामू दुपारी आधीच चढलेला असतो. त्यात कळीचा चुना पडला की तो आणखी चढतो आणि पाण्यातला अमोनिया विषारी होतो. मासे असलेल्या हिरव्या तळ्यात चुना नको.

मोरचूद. ते कधीच वापरू नये असं मी म्हणत नाही. पण त्याचं माप पाण्याच्या लिटरांवरच नव्हे, तर पाण्याच्या अल्कतेवरही ठरतं. आपल्या काळ्या खडकाच्या पाण्याला एक माप, मऊ पाण्याला दुसरं. मऊ पाण्यात तेच माप माशाला विष होतं. म्हणून आधी पाणी तपासायचं, पाण्याची आजची खोली मोजायची आणि तळ्याचा थोडा भागच एका वेळी घ्यायचा. हे दुकानाच्या फळीवर ठरत नाही. तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, जिल्ह्याला मत्स्यव्यवसाय खात्याचं कार्यालय आहे, उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. बाटलीत पाणी भरून घेऊन जा, विचारा. विचारायला लाजू नका. मी विचारलं नाही, आकडा लिहून मोकळी झाले.

निळसर साय दिसली तर

एक प्रकार मात्र वेगळा. पाण्यावर रंग सांडल्यासारखी निळसर-हिरवी साय आणि कुबट वास. हे खरं शेवाळ नसून एक प्रकारचे जिवाणू आहेत. त्यातले काही यकृताला अपाय करणारं विष तयार करतात आणि ते विष पाणी उकळून जात नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ईरी सरोवरावर अशी साय आली, तेव्हा टोलेडो शहर आणि परिसरातल्या चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असं सांगावं लागलं होतं. तेव्हा अशा तळ्यावर गुरं पाजू नका, मुलांना उतरू देऊ नका, साय काढताना हातमोजे घाला आणि खात्याच्या माणसाला दाखवा. अशा पाण्यातल्या माशाला मातकट वासही येतो. तो मसाल्यानं जात नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं

प्लॅस्टिकवर शेवाळाचा थर आला की ते साबणासारखं निसरडं होतं. उतरती बाजू, धरायला काही नाही. पोहता येणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. शेवाळ काढायला एकटीनं कधीही जाऊ नका. चारही बाजूंना खुंट्यांना बांधलेले, गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा, एक फुगवलेली टायरची ट्यूब काठावर ठेवा, कुंपणाला कडी घाला. मासे पुन्हा सोडता येतात.

तर कळंबच्या भगिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मोरचूद टाकू नका. आज खाद्य बंद करा, काला बंद करा, वाऱ्याच्या कोपऱ्यातली साय काढा, ताटली सोडून बघा. तीन-चार दिवसांनी परत बघा. पाणी आरशासारखं व्हायला नकोच आहे. ताटली विती-खाली दिसू लागली की पुरे.

नणंदेच्या लेकीचं नर्सिंगचं पहिलं वर्ष गटाच्या कर्जावर निघालं. यंदा जुलैत तिनं पुन्हा बोटुकली सोडलीत, त्यात पन्नास चंदेरे. ते कर्ज या तळ्यातून फिटायचं आहे. आता उन्हं तापायला लागलीत. परवा ती आली, वही पुढं केली. ताटली वीत आणि चार बोटं. ‘‘वहिनी, हिशेब बघा,’’ म्हणाली. मी आधी विचारलं, ‘‘तळ्यात आज पाणी किती आहे?’’ ती हसली. गेल्या एप्रिलनंतर आम्ही दोघी त्या तळ्यावरून पहिल्यांदाच हसलो.

तुमच्या तळ्याची ताटली कुठं दिसेनाशी होते ते मला कळवा. पत्रात पाण्याची खोली आणि तारीख लिहायला मात्र विसरू नका.